जाताना कोणी विचारत नाही

टेक्सासच्या पश्चिम कडेला एक रस्ता डोंगरातून नदीकडे उतरतो. नदीपलीकडे मेक्सिको. या रस्त्याने खाली जाताना तुम्हाला कोणी अडवत नाही. पिवळं गवत, काटेरी तारेचं कुंपण, मधूनच पाणी उपसणारी पवनचक्की, बाकी काही नाही. परत वर येताना मात्र एका वळणापाशी पत्र्याची शेड लागते. रस्त्यात वाहतूक अडवायचे शंकू मांडलेले असतात, कुत्रा बांधलेला असतो आणि हिरव्या गणवेशातला माणूस हात वर करतो. सरहद्द कधीच मागे पडलेली असते, आपण अमेरिकेतून अमेरिकेतच चाललेले असतो. तरी तो विचारतो, कुठले तुम्ही, कागद दाखवा.

२००२ साली मार्च महिन्यात ही शेड मला माहीत होती. माझ्या मित्राला माहीत नव्हती. त्याच्याकडे दाखवण्यासारखा कागद नव्हता, हेही मला माहीत होतं. सुरुवातीलाच लिहून टाकतो, म्हणजे पुढे स्वतःला सवलत देता येणार नाही.

नावं लिहीत नाही. आम्ही तिघे होतो. एक नागपूरचा, त्याला आम्ही नागपूरकरच म्हणायचो. दुसरा पुणेकर. मी सांगलीकडचा, पण मला कोणी सांगलीकर म्हटलं नाही. मी फारसा बोलत नसे, त्यामुळे हाक मारायचीही वेळ क्वचितच यायची. कमी बोलणाऱ्या माणसाबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो. हा गोष्टी पोटात ठेवतो म्हणजे भरवशाचा आहे, असं त्यांना वाटतं.

त्या काळात कंपन्या एकामागून एक माणसं काढत होत्या. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये भरदुपारी कोणाची गाडी दिसली की समजायचं, याची नोकरी गेली. नागपूरकराची गाडी दिवाळीच्या आधीपासून दुपारी दिसायला लागली. घरात वहिनी, तिला इथे काम करायची परवानगी नाही, आणि चार वर्षांची मुलगी. हिवाळ्यात त्याच्या व्हिसाची मुदतही संपली. मग फेब्रुवारीत सांता क्लाराच्या एका कंपनीने त्याला निवडलं. तिने अर्ज सरकारकडे पाठवला, मंजुरी तेवढी यायची होती. वकिलाने त्याला सांगितलं होतं, मंजुरी येईपर्यंत घरी गप्प बसा. कोणी सरकारी माणसाने तोपर्यंत कागद मागितले तर सगळं संपलं, बायको-मुलीसकट परत.

हे त्याने मला इंडियन ग्रोसरीच्या दारात, तांदळाची गोणी ट्रॉलीत टाकता टाकता सांगितलं. पुणेकराला सांगू नको म्हणाला, तो सल्ला देईल.

आता दुसरी गोष्ट. सांता क्लाराच्या त्याच जागेसाठी मीही मुलाखत दिली होती. माझ्या कंपनीने मला नुसतं बसवून ठेवलं होतं, पगार अर्धा, कधी काढतील याचा नेम नव्हता. तिथल्या मॅनेजरने मला फोन करून सांगितलं होतं, तुम्ही दुसऱ्या नंबरवर होता. काही बदल झाला तर कळवतो. हे मी नागपूरकराला सांगितलं नव्हतं. का नाही, याचं तेव्हाचं उत्तर होतं की त्याला उगाच अवघडल्यासारखं होईल.

रिकाम्या महिन्यांत नागपूरकराने एक उद्योग केला. लायब्ररीतून स्पॅनिशच्या कॅसेटी आणायला लागला. भांडी घासताना कॅसेट, पोरीला बागेत नेताना कॅसेट. वहिनी म्हणायची, हे आता झोपेत कुणाशी तरी भाव करतात. पण आमच्यासारखा तो वाक्य जुळवून, घाबरत बोलत नसे. नागपूरला पानठेल्यावर बोलावं तसा बोलायचा. तीन महिन्यांत तो फ्रीमाँटच्या टाकेरियात, म्हणजे मेक्सिकन खाणावळीत, काउंटरपलीकडच्या बाईशी तिच्या सासूबद्दल बोलत होता, आणि पुणेकर नि मी ट्रे धरून मागे उभे.

पुणेकर एप्रिलमध्ये कायमचा परत निघाला होता. जायच्या आधी तिघांनी एकदा पाठीला सॅक लावून कुठेतरी भटकून यायचं ठरलं. मेक्सिकोत जाणं शक्य नव्हतं, परत येताना व्हिसाचं झंझट. तेव्हा नागपूरकर म्हणाला, अमेरिकेतच जेवढा मेक्सिको उरलाय तेवढा बघू, न्यू मेक्सिको राज्यात. बसने, पायी, गाडी न घेता. वकील काय म्हणाला ते मी त्याला एकदा विचारलं. तो म्हणाला, न्यू मेक्सिकोच्या डोंगरात कोण येऊन राहिला मले पुसायला? आणि खरंच, उत्तरेकडच्या त्या डोंगराळ गावांत कोणी विचारत नाही. तिथे गेलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती.

नकाशा त्याच्याच घरी जेवणाच्या टेबलावर पसरला होता. वहिनी पोळ्या करत होती. पुणेकराचं बोट नकाशावर खाली खाली सरकत नदीपर्यंत गेलं. तिथे गरम पाण्याचे झरे आहेत म्हणे, मरायच्या आधी अंघोळ तरी करू, असं तो म्हणाला. नागपूरकर जरा थांबला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, कारण आदल्या वर्षी क्लायंटच्या कामासाठी मी टेक्सासच्या सरहद्दीवरच्या एल पासोला राहिलो होतो आणि एका रविवारी गाडी घेऊन नदीपर्यंत जाऊन आलो होतो.

"तू गेला होतास नं तिकडे? पोलीस-बिलीस पुसतात का बे?"

"मला जाताना कोणी विचारलं नाही," असं म्हणायचं माझ्या मनात होतं. त्यातला 'जाताना' मी गिळला.

"मला तर कोणी विचारलं नाही."

वहिनीने लाटणं थांबवलं होतं. तिला वकिलाचं बोलणं माहीत होतं. "नक्की ना, भाऊजी? तिकडे काही भीती नाही ना?"

"नाही वहिनी. वाळवंट आहे नुसतं."

तिने पुन्हा लाटायला घेतलं.

त्या क्षणी मी ठरवून काही केलं का, हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारलाय की आता उत्तराची धार गेली आहे. त्याला पकडून द्यावं असं मनात आलं नव्हतं, एवढं शपथेवर सांगेन. पण शेड डोळ्यांसमोर आली होती. तो मॅनेजरचा फोनही आठवला होता. दोन्ही एकदम आठवलं. मी मनाशी म्हटलं, बघू. 'बघू' हा शब्द मी आयुष्यभर वापरत आलोय, आणि त्यामुळे कधी कोणाचं वाईट होतं असं मला वाटलं नव्हतं.

वहिनीने चिवडा, शंकरपाळे, गूळपापडीच्या वड्या अशी पिशवी दिली. बस कॅलिफोर्नियातून निघाली. ॲरिझोना ओलांडताना पुणेकराशेजारी एक म्हातारा बसला आणि थोड्या वेळाने उठून दुसरीकडे गेला. न्यूयॉर्कचे टॉवर पडल्यानंतर पुणेकराने दाढी काढून टाकली होती, तरी लोकांना आमच्या चेहऱ्यात काहीतरी दिसायचं. नागपूरकराच्या बाबतीत मात्र उलटं होत होतं. एल पासो जसं जवळ येत गेलं तसे लोक त्याच्याशी थेट स्पॅनिशमध्येच सुरू व्हायचे. त्याला ते आवडायचं. पाच वर्षांत पहिल्यांदा या देशात कोणी मला 'कुठला' असं न पुसता बोलून राहिला, असं तो म्हणाला.

एल पासोहून एका व्हॅनने आणि मग नदीच्या कडेकडेने चालत, मिळेल त्या पिकअपच्या मागे बसत आम्ही खाली गेलो. हा शेडचा रस्ता नव्हता. नदीकाठचा लांबचा रस्ता होता. मीच सुचवला होता, नदी बघत जाऊ म्हणून. वाटेतल्या गावांत मातीच्या भिंती, एखादं चर्च, बंद पडलेला पेट्रोल पंप. वारा सुटला की पत्रा वाजायचा. माणसं कमी आणि दारामागे. पण नागपूरकराने हाक मारली की दार उघडायचं. वयस्क बाईला तो 'तिआ' म्हणायचा, म्हणजे मावशी. असं कोणी अनोळखी बाईला म्हणत नाही म्हणे तिकडे. पण आपल्याकडे म्हणतात, म्हणून तो म्हणायचा. पुरुष असेल तर 'तिओ', काका. बाया आधी चमकायच्या, मग हसायच्या, मग ताटात आणखी एक टोर्टिया पडायची. ती पोळीसारखी गुंडाळून तो वहिनीच्या लोणच्याशी खायचा आणि त्या मावशीलाही लोणचं चाखायला लावायचा. पुणेकर म्हणायचा, याला निवडणुकीला उभा करा.

मी मागे असायचो. मला त्याचा हेवा वाटत होता का? होय. आता लिहायला हरकत नाही. नोकरी त्याला मिळाली, लोकही त्याला मिळायचे, आणि मी चांगला माणूस म्हणून त्याची सॅक उचलायचो.

एका सकाळी लांब आकाशात पांढरा फुगा दिसला. प्रचंड मोठा, माशाच्या आकाराचा, जाड तारेने जमिनीला बांधलेला. "कोणाचं लग्न आहे बे?" नागपूरकर म्हणाला. मला माहीत होतं, त्या फुग्याला डोळे असतात. नदी ओलांडणारी विमानं आणि आणखी काय काय त्याला दिसतं. मी म्हणालो, हवामान खात्याचा असेल. दिवसभर चालूनही तो जवळ येत नव्हता आणि लांबही जात नव्हता.

पुढे नदीला समांतर मातीची एक रुंद पट्टी लागली, झाडून काढल्यासारखी गुळगुळीत. पुणेकर थांबून बघत राहिला. अंगण सारवलंय, रांगोळी तेवढी राहिली, असं काहीतरी म्हणाला आणि ओलांडून गेला. मागोमाग नागपूरकर. ती पट्टी जीपमागे टायर बांधून रोज सपाट करतात, कोण गेलं त्याची पावलं उमटावीत म्हणून, हे मला आदल्या वर्षी एका पेट्रोल पंपावर कळलं होतं. मीही ओलांडली. मागे वळून पाहिलं तर तिघांच्या बुटांचे ठसे शेजारी शेजारी, स्वच्छ. जरा पुढे झुडपात प्लॅस्टिकचं रिकामं पाण्याचं कॅन पडलं होतं आणि लहान मुलाचा एक बूट. नागपूरकराने तो उचलून दगडावर ठेवला. येईल कोणी शोधत, म्हणाला. नंतर बराच वेळ त्याने विनोद केला नाही.

आमच्या गावाकडे मासे धरायला नदीत वेताची टोपली लावतात. तिच्या तोंडाशी काड्या आतल्या बाजूला वळवलेल्या असतात. मासा आत जाताना काड्या बाजूला होतात. बाहेर यायला लागला की त्याच काड्या त्याला टोचतात. त्या दिवसांत चालताना मला सारखी ती टोपली दिसत होती.

शेवटच्या गावात आम्ही एका म्हातारीच्या मागच्या खोलीत राहिलो. ही तिआ एकटी होती, बकऱ्या पाळायची. नागपूरकराला तिने दुसऱ्याच दिवशी बकऱ्यांमागे पिटाळलं. झरे तिथून फार लांब नव्हते, पण पुणेकराचा पाय मुरगळला आणि ते राहून गेलं. परत फिरायचं ठरलं. नदीपलीकडून येणाऱ्या मजुरांना वरच्या शहरात नेणारी एक छोटी बस होती, ती शेडच्या रस्त्याने वर जायची. मला ठाऊक होतं, त्या गावातून बाहेर पडायच्या प्रत्येक वाटेवर तशी एक शेड आहे.

निघायच्या आदल्या संध्याकाळी नागपूरकर आणि मी नदीवर बसलो होतो. पाणी इतकं कमी की पँट गुडघ्यापर्यंत वळवून पलीकडे जाता आलं असतं. पलीकडे रेडिओ वाजत होता. त्याने मुलीबद्दल सांगितलं. बाबा ऑफिसला जात नाही असं तिने शाळेत इंग्रजीत सगळ्यांना सांगितलं होतं, बाईंनी वहिनीला विचारलं, वहिनी घरी येऊन रडली. मंजुरी आली की आधी पोरीला घेऊन ऑफिस दाखवायचं, असं त्याने ठरवलं होतं.

मग म्हणाला, "तुझं काय? कुठं इंटरव्ह्यू-बिंटरव्ह्यू?"

"चालू आहे," मी म्हणालो.

"सांग बे. मी जॉइन झालो की तुझा रेझ्युमे पुढं करतो."

उशीर झाला नव्हता. तेव्हा जरी सांगितलं असतं, उद्याच्या रस्त्यावर शेड आहे, तर तो त्या म्हातारीकडे राहिला असता. आठ-पंधरा दिवस बकऱ्या राखल्या असत्या, मंजुरी आली असती, वहिनीने ती पाठवली असती, आणि तो शिट्टी वाजवत वर आला असता. तिने त्याला आनंदाने ठेवलं असतं. पण आता सांगायचं तर आधी का सांगितलं नाही हेही सांगावं लागणार होतं. मी पाण्यात खडे टाकत राहिलो. तो म्हणाला, चल, तिआ वाट बघत असेल.

सकाळी बसमध्ये तो खिडकीशी बसला आणि लगेच झोपला. पुणेकर पुढे, पाय लांब करून. मी नागपूरकराच्या बरोबर मागे. त्याच्या मानेवर उन्हाने कातडी सोलून निघाली होती. बस डोंगर चढत होती आणि प्रत्येक वळण मला ओळखीचं वाटत होतं. वेग कमी झाला तेव्हा आधी शंकू दिसले, मग शेड. मी हात पुढे केला असता तर त्याच्या खांद्याला लागला असता. त्याला जागं करून मी काय सांगणार होतो, कोण जाणे. पण जागा माणूस निदान विचार तरी करून बोलतो.

बसमध्ये चढलेला अधिकारी पन्नाशीचा होता, सावळा, मिशाळ, आपल्याकडचा तालुक्याचा फौजदार शोभला असता. मजूर आपापले कार्ड हातात धरून तयार होते. पुणेकराचा पासपोर्ट त्याने उघडून परत दिला. मग तो नागपूरकरापाशी आला आणि सीटच्या दांड्यावर बोटाने टकटक केली. स्पॅनिशमध्ये विचारलं, कुठून आलास.

नागपूरकराने डोळे उघडले. समोर एक वयस्क माणूस त्याच्याशी स्पॅनिशमध्ये बोलत होता, जसे सगळेच बोलत होते. तो हसला आणि अस्खलित स्पॅनिशमध्ये म्हणाला, खालच्या गावाहून, तिओ.

काका. आपण नाही का हवालदाराला काका म्हणत?

त्या माणसाचा चेहरा बंद झाला. आता त्याने इंग्रजीत कागद मागितले. नागपूरकर पूर्ण जागा झाला तो तेव्हा. पासपोर्ट त्याने दिला, खरं तेच सांगितलं, अर्ज गेलाय, मंजुरी यायची आहे. अधिकाऱ्याने मुदतीची तारीख पाहिली आणि त्याला खाली उतरायला सांगितलं. तो आवाज चढवून बोलला नाही. त्याने त्याचं काम केलं.

पुणेकराला यातलं काहीच माहीत नव्हतं. तरी तो लंगडत उठला, म्हणाला हा आमच्याबरोबर आहे, आणि मागोमाग उतरला. मी बसून राहिलो. अधिकाऱ्याने दारातून वळून माझ्याकडे बघून विचारलं, तुम्हीही त्याच्याबरोबर का? किती वेळ गेला सांगता येत नाही. बसमधले सगळे मजूर माझ्याकडे बघत होते. मग मी हो म्हणालो आणि तिघांच्या सॅक गोळा करायला लागलो, जणू त्यासाठीच मागे थांबलो होतो.

शेडच्या सावलीत त्याला बाकावर बसवलं होतं. मला बघून तो पहिलं वाक्य बोलला, "मी काऊन बोललो बे? झोपलोच असतो तर गेलो असतो."

तेव्हा मी म्हणायला हवं होतं की नाही, तुझ्या बोलण्याने काही झालं नाही, तो सगळ्यांचेच कागद बघत होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. माझ्या त्या हाताची मला अजून लाज वाटते.

पुढचं लांबण लावत नाही. त्याला काही दिवस ठेवून घेतलं, मग स्वतःहून देश सोडतो असं लिहून दिल्यावर सोडलं. नव्या कंपनीचा अर्ज बारगळला. फ्रीमाँटचं घर मी आणि पुणेकराने आवरून दिलं. मुलीची कॉट वहिनीने शेजारच्या तेलुगू बाईला दिली. विमानतळावर मीच सोडलं त्यांना. वहिनी म्हणाली, "भाऊजी, तुम्ही होतात म्हणून निभावलं." मुलगी माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर गूळपापडीची वडी विसरून गेली. त्यानंतर मॅनेजरचा फोन आला. मी हो म्हणालो. ती नोकरी मी आजही करतो.

नागपूरला त्याने वर्षभर चाचपडून एक छोटी कंपनी काढली, चालली. दर दिवाळीला वहिनीचा फराळ पार्सलने यायचा. फोनवर ती हसत हसत त्याला टोमणे मारायची, पण टोमणा एकच असायचा. तुमच्या स्पॅनिशने आमचं घर उठवलं. भाऊजींनी सगळं नीट नेलं होतं, तुम्हालाच तोंड उघडायची घाई. पहिल्या वर्षी तो हसायचा. नंतर नंतर तो विषय बदलायला लागला. एकदा मी विचारलं, स्पॅनिश चालू आहे का. "सोडलं बे ते," म्हणाला. "तिच्या कानावर पडलं की दिवस खराब होते."

म्हणजे शिक्षा चालूच होती, आणि ती भलताच भोगत होता. हे मला समजत होतं आणि मी चकल्या खात होतो.

२००८ साली वसंतात तो कंपनीच्या कामासाठी महिनाभर आला, रीतसर व्हिसावर. केस पांढरे, जरा जाड. माझ्या टाउनहाउसमध्येच उतरला. पहिल्याच रविवारी म्हणाला, ते झरे राहिले नं आपले? जाऊन येऊ. मी कामाची सबब सांगितली, मग उन्हाची. तो म्हणाला, चल बे, मला तिथं एकदा नीट जायचं आहे. एल पासोला उतरून आम्ही गाडी भाड्याने घेतली. या खेपेला सरळ रस्त्याने निघालो. गाडी मी चालवत होतो. पिवळं गवत, तार, पवनचक्की. दुरून तो पांढरा फुगाही दिसला.

वळण आलं आणि समोरून, रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला, शेड दिसली. वर जाणाऱ्या गाड्या तिच्यापाशी थांबल्या होत्या. आमच्या बाजूचा रस्ता मोकळा. आम्ही न थांबता पुढे गेलो. तो मान वळवून मागे बघत राहिला.

"जाताना कोणी विचारत नाही," तो म्हणाला.

बराच रस्ता गेला. तो मनात काहीतरी जुळवत होता हे मला त्याच्याकडे न बघताही कळत होतं.

"तू तर आधी एकदा येऊन गेला होतास नं? गाडीनं?"

"हो."

"याच रस्त्यानं?"

"हो."

मग त्याने मला एक दार उघडून दिलं. मित्र देतो तसं. "तेव्हा ही शेड नसेल. नंतर बांधली असेल."

हो म्हटलं असतं तर तो विषय तिथेच संपला असता. त्याला तेच हवं होतं, मला वाटतं. पण शेडचा पत्रा मी पाहिला होता, तोही पाहून चुकला होता. गंजून तांबडा झालेला.

"होती," मी म्हणालो. "मला थांबवलं होतं. मला माहीत होतं."

गाडी चालत राहिली. मग मी बाकीचंही सांगितलं. टेबलावरचं, नदीवरचं, मॅनेजरचा फोन. एकदा सुरुवात झाल्यावर सोपं गेलं. त्याची मला आणखी लाज वाटली. तो खिडकीबाहेर बघत होता. ज्या मानेवर तेव्हा कातडी सोलली होती, ती आता सुरकुतलेली होती.

गावात पोचलो. तिआचं घर बंद होतं, दाराला पाटी ठोकलेली. तो नदीपर्यंत चालत गेला, मी मागे. पाणी तेवढंच होतं. त्याने खिशातून फोन काढला, सिग्नल शोधत दोन-चार पावलं इकडे तिकडे गेला. तिकडे पहाट झाली असणार. वहिनी लवकर उठते.

"मला कशाला सांगितलं?" तो म्हणाला. पहिल्यांदा त्याने बे म्हटलं नाही. "मी सहन करीन नं. तिला सांग."

आणि लावलेला फोन माझ्या हातात दिला.

तिचा आवाज स्वच्छ आला. मागे कुकरची शिट्टी. माझा आवाज ओळखल्याबरोबर ती म्हणाली, भाऊजी तुम्ही, पोचलात का नीट, ऊन फार असेल, जेवलात का? मी म्हणालो, वहिनी, एक सांगायचंय. मग सांगितलं. टेबलावरचं तिला आठवत होतंच, फक्त तिने तेव्हा माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवून पोळी लाटली होती. कुकरची शिट्टी पुन्हा झाली, तिने गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"बरं," ती म्हणाली. आणि मग, "त्यांना द्या."

भाऊजी म्हणाली नाही.

तो फोन घेऊन काठाने लांब गेला. त्याची पाठ दिसत होती. बोलत ती होती, तो ऐकत होता. एकदा त्याने हाताने डोळे पुसल्यासारखं केलं, की उन्हाने, माहीत नाही. पलीकडच्या बाजूने एक बाई बादली घेऊन पाण्याशी आली, त्याला काहीतरी ओरडून म्हणाली. त्याने फोन कानाचा काढून तिला उत्तर दिलं, स्पॅनिशमध्ये, शेवटी 'तिआ' म्हणून. सहा वर्षांनी. बाई हसली.

परत आला तेव्हा चेहऱ्यावर काही वाचता येत नव्हतं. ती काय म्हणाली हे मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. आजवर नाही. त्या दिवाळीला पार्सल आलं नाही, आणि येईल अशी माझी अपेक्षाही नव्हती.

वाळूतून गाडीपाशी येताना त्याने माझ्यापुढे हात केला. मला क्षणभर काही वेगळंच वाटलं. त्याला किल्ली हवी होती.

"वर जाताना मी चालवतो," तो म्हणाला. "त्या माणसाशी मीच बोलीन. तू मागं बस."

मी मागे बसलो.